आप्पा आणि दुसरा डोस

चांगला निकाल आला की आप्पांचा चेहरा पडायचा. कंपनीत नव्याने आलेल्या माणसाला हे आधीच सांगून ठेवावं लागे, नाहीतर बिचारा घाबरून जायचा. आपण धावतपळत कागद घेऊन जावं, आलेख कसा झकास वर चढलाय ते दाखवावं, आणि समोरच्या माणसाने चष्मा काढून टेबलावर ठेवावा, कपाळ चोळावं आणि म्हणावं, "बसा. आता काम लागलं." उलट एखादी बॅच पार वाया गेली की स्वारी खुलायची. कुरकुंभच्या नाक्यावरून भजी मागवली जायची, तीही सगळ्या मजल्याला पुरतील एवढी. प्रयोगशाळेतला पंप चालवणारा यादव तेलकट पुडा दिसला की विचारायचा, "आप्पा, आज फिर फेल?" आणि आप्पा तोंडात भजं असतानाच आनंदाने मान डोलवायचे. त्यांचं म्हणणं असं, की वाईट निकाल खरं बोलतो आणि निघून जातो. चांगला निकाल पाहुण्यासारखा घरात ठाण मांडून बसतो आणि त्याच्या पोटात काय आहे ते लवकर कळत नाही.

आमची कंपनी दौंडजवळ, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत. छोटीशीच. आम्ही जे बनवतो ते डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे शिरूरला माहेरी गेले की "तू नेमकं करतेस काय?" या प्रश्नाला मी आता "औषधं" एवढंच उत्तर देते. पूर्वी समजावून सांगायचे. चरबीचे अतिसूक्ष्म कण, त्यांच्या पोटात आरएनए, तो आरएनए म्हणजे शरीराला पाठवलेला निरोप, वगैरे. माझं सांगून होईपर्यंत भाऊ फोन बघत असायचा. आप्पा माझे वरिष्ठ. कण कसे घडवायचे ते ठरवणारा आमचा विभाग त्यांच्याकडे होता. दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावामागे डॉक्टर होतं, पण शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना आप्पाच म्हणायचे.

आप्पा इनामगावचे, मेंढपाळ धनगराच्या घरातले. त्यांच्या लहानपणी वडिलांनी मेंढरं विकून घोड नदीच्या काठी जमीन कसायला घेतली आणि पोराला शाळेत घातलं. पोरगं शिकत शिकत परदेशात गेलं आणि काही वर्षांनी तिथला जम मोडून परतही आलं. परदेशी कंपन्यांशी बोलायचं असलं की आप्पा इतकं स्वच्छ इंग्रजी बोलायचे, की आम्ही त्यांच्याकडे बघत राहायचो. फोन ठेवला की त्याच दमात, "ताई, तेवढा पंखा वाढवा, लई उकडाया लागलंय." आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीलाही ते तुम्ही म्हणायचे. गावाविषयी कुणी विचारलं तर म्हणायचे, "आमच्याकडं जमिनीतनं निघालेली जुनी खापरं बघाया लोकं येत्यात. नवं काय न्हाई, म्हणून मी कुरकुंभला येतो."

नव्या माणसाला काम शिकवायची त्यांची एक पद्धत होती. निरोप पोचवायचा तर त्याला वेष्टन हवं, कारण उघडा आरएनए रक्तात टिकत नाही, वाटेतच त्याचे तुकडे होतात. वेष्टन चार प्रकारच्या चरबींचं. त्यातली मुख्य चरबी मोठी चमत्कारिक असावी लागते. रक्तात असताना तिच्यावर विद्युतभार नको, नाहीतर ती दिसेल त्याला चिकटते आणि विषारी ठरते. पेशीच्या आतल्या आंबट पिशवीत शिरल्यावर मात्र तिच्यावर भार यायला हवा, म्हणजे ती पिशवी फोडून निरोप बाहेर सोडते. आम्ही हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवायचो. आप्पा म्हणायचे, "ही चरबी कशी पायजे? चारचौघांत गरीब. रगतात कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. घरात शिरली की मग अवतार दाखवायचा. अशी मानसं तुमच्या वळखीत असतील की." असतातच प्रत्येकाच्या ओळखीत. त्यामुळे धडा पक्का बसायचा.

दुसरी खोड म्हणजे यंत्राचं कौतुक ऐकून न घेणं. कणांचा आकार मोजायचं एक महागडं यंत्र आमच्याकडे आहे. सगळे कण सारखे आणि बारीक निघाले की त्याच्या पडद्यावर एक देखणा, निमुळता डोंगर उमटतो. तो डोंगर बघून आम्ही हरखून जायचो. आप्पा विचारायचे, "छान हाय म्हणताय. कुणाला विचारलं?" यंत्राला, म्हटलं की, "यंत्राला कुठं यकृत हाय?" मग नमुना पुण्याला प्राणीगृहात जायचा, आणि उंदरांचं मत येईपर्यंत कुणी 'छान' हा शब्द काढायचा नाही. दमून जायचा जीव. एकेका मताला महिने लागत, आणि बहुतेक वेळा मत विरोधातच यायचं.

हे सगळं आप्पा इतक्या पोटतिडकीने का करतात, ते कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांची नात ईश्वरी, घरातली ईशू, जन्मतःच एक दोष घेऊन आली होती. प्रथिनांतून निघणारा अमोनिया निकामी करणारं एक द्रव्य तिच्या यकृतात तयारच व्हायचं नाही. त्यामुळे डाळ, दूध, अंडं, शेंगदाणा असं जे जे अंग धरायला म्हणून आपण पोरांना खाऊ घालतो, ते तिच्या पोटात गेलं की रक्तात अमोनिया चढायचा आणि मेंदूपर्यंत जायचा. खाणं मोजूनमापून. भात थोडा, बटाटा, फळं, साखर, तूप, बिनशेंगदाण्याची साबुदाण्याची खिचडी. एवढं पाळूनही साधा ताप आला की अमोनिया चढायचा. पोर आधी चिडचिडी व्हायची, मग सुस्त, मग ओकाऱ्या, मग रात्र असो दिवस असो पुण्याचा दवाखाना. आमचं औषध नेमकं याच दोषावर होतं. यकृताला निरोप पाठवायचा, की बाबा रे, हे द्रव्य असं असं बनव. यकृत ते बनवतं, पण निरोप काही दिवसांतच विरतो. म्हणून औषध पुन्हा पुन्हा द्यावं लागणार, जन्मभर.

आप्पांच्या घरी नियम होता, ईशूसमोर ती खाऊ शकत नाही ते कुणी खायचं नाही. घरात डाळच शिजत नसे म्हणा ना. मग कंपनीच्या कँटीनमध्ये आप्पा वाटीभर वरण घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून, उभ्यानेच, चहा प्यावा तसं पिऊन टाकायचे. मी एकदा म्हटलं, "आप्पा, बसून खा की. इथे कोण बघतंय?" तर म्हणाले, "सवय हाय ओ. घरात पोरांनी चोरून सिगारेट प्यावी, तसं मी वरण पितो." आणि खो खो हसले. मला हसू आलं नाही, आणि आलं नाही हे बरंच झालं असं वाटलं.

ईशूला मी पहिल्यांदा पाहिलं ते दसऱ्याला. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. पंपांना झेंडूच्या माळा, मोजमापाच्या महागड्या यंत्राला हळदीकुंकू, आणि सगळ्यांची घरची माणसं येतात. आप्पांबरोबर त्यांची सून मनीषा आणि दोन वेण्या घातलेली ईशू. पेढे वाटत वाटत यादव तिच्यापाशी आला, तर तिने पेढा घेतला, पदरचा खाऊ द्यावा तसा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही खावा. मला नसतो." मग तिने विचारलं, "माझं औषध कुठल्या मशीनमधी बनतंय?" मी कण तयार करायचा पंप दाखवला. तिने आपल्या वेणीतलं फूल काढलं, पंपावर ठेवलं आणि त्याला दटावलं, "आवर की रे लवकर." सगळे हसले. मनीषा हसता हसता दाराकडे वळली आणि बराच वेळ बाहेरच उभी होती.

आता मूळ गोष्टीकडे येते, आणि सांगताना अजूनही थकायला होतं. आमचे कण कुरकुंभला उत्तम असायचे आणि पुण्याला पोचेपर्यंत बिघडायचे. डब्यात बर्फ असायचा, गाडी चांगली होती, पण सोलापूर रस्ता, त्यावरचे गतिरोधक, पुढे हडपसरची गर्दी. हिंदकळून हिंदकळून कण एकमेकांना चिकटायचे, आणि प्राणीगृहातल्या माणसाने बाटली उघडली की आत दूध नासावं तसं झालेलं. कितीतरी नमुने असे रस्त्यात गेले. शेवटी आम्ही कणांवरचं बाहेरचं आवरण वाढवलं. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या अंगावर एका पाणीधार्जिण्या द्रव्याची लव असते, ती दाट केली आणि तिची मुळं लांब घेतली, म्हणजे ती गळून पडायला नको. झालं. नमुना पुण्यालाच काय, नागपूरला पाठवला तरी शाबूत. आम्ही सगळे खूश. आप्पासुद्धा त्या दिवशी खूश होते, कारण निकाल अजून यायचा होता.

निकाल आला. ईशूसारखाच दोष असलेल्या उंदरांना एकच डोस दिला होता. त्यांचा अमोनिया उतरला होता आणि ते निरोगी उंदरांसारखे खात होते, पळत होते. आमच्या मजल्यावर अक्षरशः नाच झाला. आप्पा नव्हते त्यात. मी शोधत गेले तर फाटकाजवळच्या लिंबाखाली बसले होते, चष्मा हातात. मी म्हटलं, "आप्पा, आज तरी तोंड पाडू नका हो. ईशूचं औषध झालं." ते म्हणाले, "ताई, ईशूला हे एकदा घ्यायचं न्हाई. परत द्या उंदरांना. मग परत द्या. तवा बोलू."

परत दिलं. दुसऱ्या डोसचा काही उपयोग झाला नाही. अमोनिया तसूभर हलला नाही, जणू पाणीच टोचलं होतं. तिसऱ्याला उंदीर आजारी पडले. अंगावरचे केस उभे, धाप लागलेली, कोपऱ्यात गोळा होऊन बसलेले. उंदरांच्या अंगाने पहिल्या डोसलाच त्या लांब मुळांच्या आवरणाची ओळख धरली होती. पुढच्या वेळी ते दिसल्याबरोबर शरीर त्याच्यावर तुटून पडत होतं आणि कण यकृतात पोचण्याआधीच त्यांचा निकाल लावत होतं. निरोप चांगला होता, चरबी चांगली होती. घात केला तो आम्ही प्रवासासाठी चढवलेल्या अंगरख्याने. आप्पा बराच वेळ कागद बघत बसले आणि म्हणाले, "आपण रस्त्यासाठी औषध बनवलं. पोरांसाठी न्हाई." त्या दिवशी निकाल वाईट होता, पण भजी आली नाहीत.

मोठे साहेब पुण्याचे, आप्पांपेक्षा वयाने लहान. माणूस वाईट नव्हता. कंपनीत पैसा किती दिवस पुरेल याची चिंता त्यांनाच करावी लागायची, आणि आप्पांविषयी त्यांना माया होती. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि म्हणाले, "आप्पा, पहिल्या डोसचा निकाल लाखात एक आहे. तो घेऊन माणसांवरच्या चाचण्यांकडे जाऊ, दुसऱ्याचं मग बघू. आणि मी ईश्वरीच्या डॉक्टरांशी बोललोय. एका रुग्णासाठी खास परवानगी मागता येते. औषध तयार ठेवू. पुढच्या खेपेला तिला ताप चढला की द्यायचं. पहिलं नाव तिचं."

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी पाणी मागितलं आणि सगळा पेला संपवला. साहेबांशी ते एरवी पुस्तकी मराठीत बोलायचे, त्या दिवशी नाही बोलले. "साहेब, पयला डोस तिला लागू पडंल. त्यात मला शंका न्हाई. पण त्या एकाच डोसात तिच्या अंगाला ह्या आवरणाची वळख पटंल. मग उद्या आपण चांगलं केलं, तरी आवरण ह्याच जातीचं राहणार. तिचं अंग त्याला आत घेणार न्हाई. आज एका तापासाठी दिलं, तर जन्माचं औषध मी माझ्या हातानं बंद केलं तिचं."

"आणि ते चांगलं कधी होणार?" साहेबांनी हळूच विचारलं.

"ते मला सांगता येत न्हाई."

"आप्पा, तोवर काही झालं तर?"

आप्पा उठले. "मी न्हाई म्हणतोय. तसं लिहून घ्या," एवढं म्हणून बाहेर पडले.

मला त्यांचा राग आला. खरंच आला. जिन्यात गाठून मी म्हटलं, "आप्पा, नात तुमची आहे. आपलं यंत्रांशी, उंदरांशी चालतं तसं इथे चालवू नका." ते एक पायरी खाली होते, वळून वर बघत म्हणाले, "परक्याच्या लेकराला मी हे देऊ दिलं आसतं का? न्हाई. मग हिला कसं देऊ? ती माझी हाय म्हणून तिला वंगाळ औषध द्यायचं का?" मी वळून जिना चढले. राग मात्र पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

घरी हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी जाऊन मुलाला आणि सुनेला सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, आपण काय म्हणालो, का म्हणालो. मुलगा दत्ता रांजणगावला कारखान्यात कामाला. तो बापाशी बोलायचाच थांबला. जेवायला शेजारी बसायचा, पण शब्द नाही. मनीषाने ऐकून घेतलं आणि "तुम्ही म्हणताय तर," एवढं म्हणाली. हे मला आप्पांनीच सांगितलं, कँटीनमध्ये, हातातली वरणाची वाटी तशीच धरून.

त्यानंतरचा काळ नुसता राबण्याचा. लव विरळ केली, मुळं आखूड घेतली, म्हणजे कण रक्तात शिरल्यावर ती आपोआप गळून पडतील आणि शरीराला ओळख धरायला वेळच मिळणार नाही. पण मग पुन्हा रस्ता आडवा आला. त्यावर उपाय इतका साधा निघाला की लाज वाटावी. कण साखरेच्या पाण्यात गोठवून न्यायचे, गोठलेलं हिंदकळत नाही. साधा खरा, पण गोठवताना कण फुटू नयेत म्हणून साखर किती, गोठवायचं किती भरभर, हे ठरेपर्यंत पुन्हा तेच चक्र. कधी वीज गेली म्हणून बॅच गेली, कधी चरबीच अशुद्ध आली. एरवी आप्पा उजेड असतानाच निघायचे, कारण भीमेच्या पुलापलीकडे दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबटे. आता अंधार पडला तरी खुर्चीत असायचे. मी म्हणायचे, "आप्पा, निघा. बिबट्या वाट बघतोय." ते म्हणायचे, "त्याला सांगा, माझ्यात आता खाण्यासारखं काय उरलं न्हाई." निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं. साहेबांनी मुदत वाढवली. खर्च नको म्हणून हल्ली आम्ही भजीही मागवत नव्हतो, नाहीतर रोजच मागवावी लागली असती.

नव्या कणांचा पहिला डोस लागू पडला. दुसऱ्या-तिसऱ्याच्या निकालाची वाट बघत होतो, तेव्हा ईशूला ताप आला.

पुण्याला नेलं. या आधी कितीदा नेलं होतं, आणि दर खेपेला ती परत आली होती, त्यामुळे मी फार काळजीसुद्धा केली नाही. या खेपेला अमोनिया उतरला नाही. आप्पांनी मला फोन केला तो दवाखान्यातून नाही, घरून. "ताई, ईशू गेली," म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत, "फ्रीजरचं तापमान बघून घ्या, मी काय चार दिस येत न्हाई." मी फ्रीजरपाशी गेले, तापमान बघितलं आणि तिथेच खाली बसून रडले.

दहाव्याला मी इनामगावला गेले. दौंडहून जीपने निघाले तेव्हा माझ्याजवळ एक बातमी होती आणि तिचं काय करावं ते मला कळत नव्हतं. आदल्या संध्याकाळी पुण्याहून निकाल आला होता. नव्या कणांचा दुसरा डोस लागू पडला होता. तिसराही. उंदीर ठणठणीत होते. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीतला सगळ्यात चांगला निकाल, आणि तो पर्समध्ये घेऊन मी घोड नदीच्या काठावर बायकांच्या मागे उभी होते. नैवेद्याचं पान वाढताना कुणीतरी म्हातारी म्हणाली, "पोरीला आवडायचं ते ठेवा गं." तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मनीषाने पिशवीतून पुरणपोळी काढली, पानावर ठेवली आणि वर वाटीभर दूध ओतलं. "आता खाऊ दे तिला," म्हणाली.

घरी आल्यावर माणसं पांगली. ओसरीवर आप्पा, मी, भिंतीला टेकून दत्ता. मनीषा चहाचे कप घेऊन आली, माझ्यासमोर ठेवले आणि तिथेच बसली. मला म्हणाली, "ताई, एक इचारू? त्या टायमाला साहेब देत हुते ते औषध... ह्या तापात दिलं आसतं तर?"

दत्ताने मान वर केली. मी आप्पांकडे बघितलं नाही. एक 'नाही' म्हटलं असतं तर त्या घरातलं ओझं जरा तरी हलकं झालं असतं. कोण तपासायला येणार होतं? काही सांगता येत नाही, शरीर शरीर वेगळं असतं, असं काहीतरी गुळमुळीत मी मनात जुळवत होते. तेवढ्यात आप्पाच बोलले.

"लागू पडलं आसतं. ह्या तापाला लागू पडलं आसतं, मनीषा."

मनीषा सासऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही न्हाई म्हणाल." आप्पा म्हणाले, "म्हणता आलं आसतं." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, माझा चहा निवला होता तो उचलला आणि गरम करून आणते म्हणून आत गेली. दत्ता उठून गोठ्याकडे गेला. जाताना त्याने बापाच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला की आधाराला धरला, ते मला नीट दिसलं नाही. आप्पांवरचा माझा राग तिथे संपला. त्यांची भीती वाटली, आणि इतकी माया वाटली की त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण तसलं काही त्यांना चाललं नसतं.

मला जीपपर्यंत सोडायला ते रस्त्यापर्यंत आले. उन्हं उतरली होती, उसाच्या गाड्या चालल्या होत्या. मी निकालाचं बोलणार नव्हते. त्यांनीच विचारलं, "पुण्याचं काय आलं?"

"लागू पडला, आप्पा. तिसराही. उंदीर चांगले आहेत."

त्यांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसत बसले, कितीतरी वेळ, पुसायचं काही उरलं नव्हतं तरी. "बरं झालं," म्हणाले. "चवथा द्या. पाचवा द्या. मग साहेबांना सांगा. आता थांबू नका." मी विचारलं, "तुम्ही कधी येताय?" त्यांनी मान हलवली. ती हो अशी नव्हती आणि नाही अशीही नव्हती. ते पुन्हा आले नाहीत. खुर्ची बरेच दिवस रिकामी होती, मग साहेबांनी मला तिथे बसवलं.

जीप दिसायला लागली तसा त्यांनी खिशातून फोन काढला आणि एक नंबर शोधून माझ्यापुढे धरला. केंदूरची एक बाई होती. तिच्या मुलाला हाच दोष होता, ईशूहून लहान. पुण्याच्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसून बसून दोन्ही घरांची ओळख झालेली. ती अधूनमधून आप्पांना फोन करून विचारायची, औषधाचं कुठवर आलं म्हणून. "तिला कळवा," आप्पा म्हणाले. "आजून लई बाकी हाय, पण दुसरा डोस लागू पडला म्हणावं. तिला बळ येईल."

मी नंबर उतरवून घेतला आणि म्हटलं, "आप्पा, तुम्हीच करा ना. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला जास्त बरं वाटेल."

"न्हाई ओ ताई," ते म्हणाले. "माझा फोन लागला, की ती आधी ईशू कशी हाय ते विचारती."